रडून हलकं वाटतं, मग चिडून का वाटत नाही? 'कॅथार्सिस' म्हणजे नेमकं काय, समजून घ्या

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' रिलीज झाला आणि सोशल मीडियावर थिएटरमधल्या व्हिडिओंचा पूर आला. शेवटच्या प्रसंगानंतर लहान मुलं हुंदके देत होती, कुणी पडद्यासमोर उभं राहून गारद देत होतं, मोठी माणसं डोळे पुसत बाहेर पडत होती. त्याच दिवसांत गुजरातमधल्या भरूचमधून वेगळीच बातमी आली. संभाजी महाराजांच्या छळाचा प्रसंग सुरू असताना एक प्रेक्षक उठला, पुढे गेला आणि त्याने थिएटरचा पडदाच फाडला. तो दारू प्यायलेला होता, असं बातम्यांमध्ये म्हटलं होतं.

पाचच महिन्यांनी, जुलैमध्ये 'सैयारा' आला. अल्झायमर होत चाललेली तरुण मुलगी आणि तिचा गायक प्रियकर, अशी साधी गोष्ट. पण थिएटरमध्ये कॉलेजची पोरं-पोरी ओक्साबोक्शी रडताना दिसली. एक जण तर हाताला सलाईन लावून सिनेमा बघायला आला होता. यातले काही व्हिडिओ फक्त व्ह्यूजसाठी केले आहेत, अशी टीकाही झाली. तरीही अनेकांनी मनापासून लिहिलं, "खूप दिवसांनी मनसोक्त रडलो, आता हलकं वाटतंय."

या हलकं वाटण्याला सध्या सोशल मीडियावर एक भारदस्त शब्द वापरला जातो, तो म्हणजे 'कॅथार्सिस'. ब्रेकअपनंतर गाणी ऐकून रडणं असो, 'रेज रूम'मध्ये पैसे मोजून बाटल्या फोडणं असो, की रात्री दोन वाजता सिस्टीमला शिव्या घालणारी पोस्ट टाकणं असो, सगळ्याला कॅथार्सिस हेच नाव मिळतं. मनात साठलेलं बाहेर काढा की मन मोकळं होतं, असा त्यामागचा समज.

हा समज अर्धाच खरा आहे. आणि उरलेला अर्धा वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

शब्द आला कुठून?

'काथार्सिस' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ शुद्धी किंवा सफाई. देवळात जाण्याआधीच्या शुद्धीलाही हा शब्द होता आणि वैद्याने औषध देऊन पोट साफ करण्यालाही.

या शब्दाला नाटकाशी जोडलं ते ॲरिस्टॉटलने. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात 'पोएटिक्स' या छोट्या ग्रंथात त्याने शोकांतिकेची व्याख्या केली. शोकांतिका प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती जागी करते आणि त्यातूनच या भावनांचं 'काथार्सिस' घडवते, असा तिचा आशय. गंमत म्हणजे एवढा मोठा शब्द वापरून त्याचा अर्थ मात्र त्याने तिथे सांगितलाच नाही. 'पॉलिटिक्स'मध्ये संगीताविषयी लिहिताना हा शब्द पुन्हा येतो. तिथे तो म्हणतो की, याचं सविस्तर स्पष्टीकरण काव्यावरच्या लिखाणात करू. पण आज जे 'पोएटिक्स' उपलब्ध आहे, त्यात ते स्पष्टीकरण नाही.

त्यामुळे शतकानुशतकं अभ्यासक भांडत आले. काहींच्या मते काथार्सिस म्हणजे साचलेल्या भावनांचा निचरा. काहींच्या मते भावनांची शुद्धी. मार्था नुसबॉम यांच्यासारख्या आधुनिक अभ्यासकांच्या मते त्याचा अर्थ 'स्पष्ट होणं' असा घ्यायला हवा. म्हणजे आपल्याला कशाची भीती वाटते, कुणाविषयी कळवळा वाटतो आणि का, हे नाटक बघताना लख्ख दिसणं.

ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो याला मात्र हे सगळं धोक्याचं वाटत होतं. कविता आणि नाटक भावनांना खतपाणी घालतात, त्यामुळे माणूस खऱ्या आयुष्यातही स्वतःवरचा ताबा सोडतो, असं त्याचं म्हणणं. भरूचचा फाटलेला पडदा प्लेटोला दाखवला असता, तर तो म्हणाला असता, "बघा, मी हेच सांगत होतो."

मराठीत काय म्हणायचं?

मराठी समीक्षेत कॅथार्सिसला 'विरेचन' म्हणतात. हा शब्द आला आयुर्वेदातून. पंचकर्मातल्या पाच उपचारांपैकी विरेचन एक. साध्या भाषेत, औषध देऊन जुलाब करवणं.

पण ज्यांच्या घरी कुणी पंचकर्म केलंय, त्यांना माहीत असतं की विरेचनाचं औषध पहिल्या दिवशी देत नाहीत. आधी स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तूप-तेल आणि शेक देऊन शरीराची तयारी करतात. मग औषध. आणि नंतर लगेच वडापाव नाही, तर पेज, मऊ भात असं हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे आणतात. आधी तयारी, मधे निचरा, नंतर सावरणं, असा हा क्रम. तयारी आणि सावरणं वगळलं, तर उरतो तो नुसता जुलाब.

भावनांच्या बाबतीतही असंच काहीसं आहे का? सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची एक प्रसिद्ध केस याचं उत्तर देते.

'प्रेशर कुकर'ची कल्पना कुणाची?

कॅथार्सिस नाट्यशास्त्रातून मानसशास्त्रात आलं व्हिएन्नामध्ये. त्याआधी १८५७ मध्ये याकोब बर्नेस या जर्मन अभ्यासकाने ॲरिस्टॉटलचा शब्द वैद्यकीय अर्थानेच घ्यायला हवा, असं मांडलं होतं. काथार्सिस म्हणजे भावनांचा निचरा, हा अर्थ त्यामुळे रुजला. हा बर्नेस सिग्मंड फ्रॉइडच्या बायकोचा काका.

फ्रॉइड आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी योसेफ ब्रॉयर यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावर पुस्तक लिहिलं. त्यात 'ॲना ओ.' या टोपणनावाने एका तरुणीची केस आहे. ती ब्रॉयरला आपल्या आठवणी सांगायची. एखाद्या त्रासाची मूळ आठवण भावनेसकट बाहेर आली की तो त्रास कमी होतो, असं ब्रॉयरला दिसलं. त्या तरुणीनेच या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' असं नाव दिलं. चेष्टेत ती त्याला 'धुराडं झाडणं' म्हणायची. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी त्याला 'कॅथार्टिक पद्धत' म्हटलं.

इथूनच मनाचं एक चित्र तयार झालं. मन म्हणजे कुकर, भावना म्हणजे वाफ, शिट्टी झाली नाही तर स्फोट. आपण आजही असंच बोलतो. मनात तुंबलंय, उफाळून आलं, वाफ दवडू दे.

पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ब्रॉयरचा उपचार संपल्यावरही ॲना ओ. पूर्ण बरी झाली नव्हती, तिला अनेकदा उपचार केंद्रात दाखल व्हावं लागलं. तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. पुढे ती सावरली, सामाजिक कार्यात उतरली आणि १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची मोठी संघटना उभी केली. खुद्द फ्रॉइडही नंतर कॅथार्टिक पद्धतीपासून दूर गेला. भावना बाहेर काढणं पुरेसं नाही, तिचा अर्थ लावावा लागतो, याकडे त्याचा प्रवास झाला. मूळ माणूस पुढे निघून गेला, त्याची कुकरची कल्पना मात्र जगभर राहिली.

रडल्याने खरंच बरं वाटतं का?

बऱ्याचदा हो, पण नेहमी नाही आणि लगेच तर नाहीच.

जोनाथन रॉटेनबर्ग, लॉरेन बिल्स्मा आणि ॲड विंगरहूट्स या संशोधकांनी २००८ मध्ये लोकांनी स्वतः सांगितलेल्या ३,००० हून अधिक रडण्याच्या प्रसंगांचा अभ्यास मांडला. बहुतेकांनी रडल्यावर बरं वाटल्याचं सांगितलं. पण जवळपास एक तृतीयांश जणांना काहीच फरक वाटला नाही आणि सुमारे दहा टक्के लोकांना उलट जास्त वाईट वाटलं. फरक कशामुळे पडला? रडताना कुणी धीर दिला, त्यांना जास्त बरं वाटलं. ज्यांना रडल्याची लाज वाटली किंवा कुणी हिणवलं, त्यांना नाही.

२०१५ मधला एक प्रयोगही बोलका आहे. ६० जणांना 'लाइफ इज ब्यूटिफुल' आणि 'हाचिको' हे हेलावून टाकणारे चित्रपट दाखवले. २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. सिनेमा संपल्या संपल्या रडलेल्यांचा मूड खालावलेला होता, न रडलेल्यांचा होता तसाच राहिला. वीस मिनिटांनी रडलेल्यांचा मूड पहिल्यासारखा झाला आणि दीड तासाने तो सिनेमा बघण्याआधीपेक्षाही चांगला होता.

याचा अर्थ असा की अश्रूंबरोबर दुःख धुऊन जातं, हे चित्र बरोबर नाही. काम होतं ते रडण्यानंतरच्या वेळेत. कुणीतरी शेजारी बसतं, श्वास संथ होतो, काय झालं ते आपण स्वतःला सांगतो. पंचकर्मानंतरची पेज ती हीच. 'सैयारा' बघून मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेल्या आणि नंतर चहाच्या टपरीवर तासभर बोलत बसलेल्या मुलीला हलकं वाटलं असेल, तर त्यात त्या तासाचाही वाटा आहे.

मग रागाचं काय?

राग बाहेर काढला की शांत वाटतं, हा कॅथार्सिसचा सगळ्यात लोकप्रिय दावा आहे. आणि सगळ्यात जास्त वेळा तपासला गेलेलाही.

ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी त्यांना निबंध लिहायला लावला आणि मग त्यावर "इतका वाईट निबंध वाचला नव्हता" अशा अर्थाचा शेरा मारून त्यांना मुद्दाम चिडवलं. त्यानंतर तीन गट केले. पहिल्या गटाने शेरा मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यासमोर ठेवून पंचिंग बॅगवर ठोसे मारले. दुसऱ्याने फिटनेसचा विचार करत ठोसे मारले. तिसरा गट दोन मिनिटं नुसता बसून राहिला. मग त्या माणसाला कर्कश आवाजाचा त्रास देण्याची संधी सगळ्यांना दिली.

कॅथार्सिसच्या हिशेबाने पहिला गट सगळ्यात शांत असायला हवा होता. झालं उलटं. सगळ्यात जास्त राग आणि सगळ्यात जास्त आक्रमकता पहिल्या गटात दिसली, तर सगळ्यात कमी आक्रमकता काहीही न केलेल्या गटात.

२०२४ मध्ये सोफी क्यार्विक आणि बुशमन यांनी अशा १५४ अभ्यासांचा आणि १०,१८९ सहभागींचा एकत्रित आढावा घेतला. श्वासाचे व्यायाम, ध्यान, योग, शरीर शिथिल करणं अशा शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकूणात होत नाही. जॉगिंगनंतर तर राग वाढल्याचं दिसलं. चेंडूच्या खेळांनी मात्र राग कमी झालेला दिसला. खेळातली मजा हे त्याचं कारण असावं, असा संशोधकांचा अंदाज.

म्हणजे राग ही कुकरमधली वाफ नाही, चुलीतला निखारा आहे. तो बाहेर काढतोय असं वाटून आपण फुंकर मारत राहतो आणि मग जाळ का वाढला, याचं नवल करतो.

तरीही भडास काढल्यावर बरं का वाटतं? कारण त्या क्षणी खरंच बरं वाटतं. अडचण नेमकी तीच आहे. बरं वाटलं म्हणून पुढच्या वेळी आपण पुन्हा तेच करतो, आणि हळूहळू चिडणं ही सवय होते.

फोनवरची भडास

सोशल मीडियावर या सवयीला बक्षीसही मिळतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ७,३३१ ट्विटर वापरकर्त्यांची १ कोटी २७ लाख ट्विट्स तपासली. ज्यांच्या संतापाच्या ट्विट्सना जास्त लाइक्स आणि शेअर्स मिळाले, ते पुढे आणखी संतापून लिहू लागले. माणसं जन्मतः चिडकी नव्हती, लाइक्सनी त्यांना चिडायला शिकवलं.

थिएटरमधला अनुभव आणि फोनवरचा अनुभव यांतला फरक इथेच आहे. थिएटरमध्ये अडीच तासांनी दिवे लागतात. गोष्टीला शेवट असतो. शेजारच्याचेही डोळे ओले दिसतात आणि आपण घरी जातो. फीडला शेवट नसतो. एक चिडवणारी क्लिप संपायच्या आत दुसरी सुरू होते, सावरायला मधे जागाच नसते.

याची किंमत मोजावी लागते. 'छावा' प्रदर्शित झाला त्यानंतर महिन्याभरात औरंगजेबाच्या खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापलं. विधिमंडळात, चॅनेलवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच विषय. १७ मार्च २०२५ ला नागपुरात कबर हटवण्याच्या मागणीसाठी आंदोलन झालं. धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा सोशल मीडियावरून पसरली आणि संध्याकाळी महाल परिसरात हिंसाचार उसळला. गाड्या जळाल्या, अनेक पोलीस जखमी झाले, शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली आणि एका जखमीचा नंतर मृत्यू झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत हा हल्ला पूर्वनियोजित वाटतो असं सांगितलं, आणि 'छावा'मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग समोर येत असल्याचंही ते म्हणाले.

सिनेमामुळे दंगल झाली, हे फार सोपं आणि म्हणूनच चुकीचं उत्तर ठरेल. तोच सिनेमा लाखो लोकांनी बघितला, रडले आणि घरी गेले. पण एक गोष्ट नक्की दिसते. थिएटरमधली भावना तिथेच पूर्ण न होता रोज फोनवर ढवळली गेली, की तिचा निचरा होत नाही, ती साठा बनते. आणि साठ्याला ठिणगी कुणीही लावू शकतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात हा फरक आधीच दिसतो. तिथे वीर आणि रौद्र हे दोन वेगळे रस आहेत. वीररसाचा पाया उत्साह, रौद्ररसाचा पाया क्रोध. नंतरच्या शास्त्रकारांनी 'साधारणीकरण' ही कल्पना मांडली. म्हणजे रंगमंचावरचं दुःख प्रेक्षक भोगतो, पण ते त्याचं वैयक्तिक भांडण उरत नाही. म्हणूनच त्याला त्याचा आस्वाद घेता येतो. पडदा फाडणाऱ्यासाठी ते वैयक्तिक भांडण झालं होतं.

आपल्याकडे काय पद्धती होत्या?

मन मोकळं करायला थेरपीचा शब्द नव्हता, तेव्हाही लोक मन मोकळं करतच होते.

जात्यावरच्या ओव्या घ्या. पहाटे दळण दळताना बायका सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा जाच, लेकीची काळजी हे सगळं ओवीत गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आणि आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर आहेत. या ओव्यांत नुसती किंचाळी नाही. दुःखाला शब्द आहेत, चाल आहे, आणि ऐकायला शेजारी दुसरी बाई आहे.

शब्दांचा हा परिणाम प्रयोगातही दिसला. १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर त्यांना लगेच वाईटच वाटलं. पण काय घडलं आणि काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढच्या संशोधनात हा परिणाम तसा मध्यमच निघाला, पण दिशा स्पष्ट आहे. नुसती भावना ओकण्यापेक्षा तिची गोष्ट सांगता येणं जास्त उपयोगी.

दुसरं उदाहरण शिमग्याचं. एरवी जे तोंडातून काढलं तर घरचे पाठीत धपाटा घालतील, ते होळीपुढे बोंब मारून म्हणायला परवानगी. पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, हसत-खेळत आणि सगळ्यांनी मिळून. दुसऱ्या दिवशी तोच शेजारी, तोच नमस्कार. रोज शिमगा करणाऱ्याला मात्र मराठीत कुणी मोकळ्या मनाचा म्हणत नाही. 'याच्या घरी कायमचा शिमगा' ही तक्रारच असते.

मग राग गिळायचा का?

नाही. भावना दाबून ठेवणं हे उत्तर नाही, आणि वरच्या संशोधनाचा तसा अर्थही नाही. राग अनेकदा खरं सांगत असतो. पगार अडकलाय, रस्त्यावरच्या खड्ड्यात कुणाचा तरी जीव गेलाय, ऑफिसमध्ये कुणी अपमान केलाय. अशा रागाला निचरा नको असतो, दाद हवी असते.

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तचा कॅथार्सिसवर हाच आक्षेप होता. प्रेक्षक नाटकात रडतो, हलका होतो, समाधानाने घरी जातो आणि बाहेरचं जग होतं तसंच राहतं. आज ब्रेख्तच्या नाटकाच्या जागी पोस्ट ठेवून बघा. खड्ड्यावर जळजळीत पोस्ट टाकली, पाचशे लाइक्स आले, काहीतरी केल्यासारखं वाटलं. खड्डा तिथेच आहे आणि तक्रार अर्जही कुणी दिलेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी मन भरून आलं की आधी एवढंच ओळखायचं, की हे दुःख आहे की राग. दुःख असेल तर रडा, पण शक्यतो अशा माणसाजवळ जो "रडतोस काय पोरीसारखा" म्हणणार नाही. राग असेल तर आधी शरीर शांत होऊ द्या, मग लिहा, आणि लिहिलेलं कुणाकडे पाठवलं तर उपयोग होईल हे ठरवा. आणि रोजचं जगणंच अवघड झालं असेल, तर सिनेमा किंवा पोस्टवर अवलंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

'सैयारा' बघून रडलेल्या पोरांची खूप चेष्टा झाली. पण त्यांनी निदान रडून झाल्यावर डोळे पुसले आणि दिवे लागल्यावर ती उठून घरी गेली. रात्री दोन वाजता कमेंटमध्ये भांडत बसलेल्यांसाठी दिवे लावायला कुणी येत नाही. ते आपले आपणच लावावे लागतात.